कापडाची लव, बागेतले गवत आणि एक फिरती दोरी

१) घराभोवतीच्या छोट्या बागेसाठी गवत कापण्याचे साधन घ्यायला गेलेल्या माणसापुढे दुकानदार अनेक पर्याय मांडतो. हाताने ढकलायचे रिळाचे यंत्र, विजेवर चालणारा दोरीचा ट्रिमर, बॅटरीचा ट्रिमर, पेट्रोलचा ब्रश कटर, त्याला लावायची दोरी आणि पोलादी पाती. वरवर पाहता हा पैशांचा हिशोब वाटतो. खरे तर यातील प्रत्येक साधन इतिहासातील एका विशिष्ट अडचणीचे उत्तर आहे. ती अडचण कोणती होती हे कळले, की कोणते साधन कोणाच्या बागेसाठी हेही कळते. हा धागा त्या अडचणींचा.

२) आरंभ बागेत होत नाही, कापडगिरणीत होतो. अठराव्या शतकात इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर, विल्टशर आणि यॉर्कशर या परगण्यांत उंची लोकरी कापड तयार होई. विणून झालेल्या कापडाची लव काटेरी बोंडांनी उभी करून ती एकसारखी कातरावी लागे. कातरकाम जितके नेमके, तितके कापड मऊ आणि त्याची किंमत अधिक. हे काम करणाऱ्या कारागिरांना तिकडे ‘शीअरमन’ किंवा ‘क्रॉपर’ म्हणत.

३) त्यांची कातर वीस किलोंच्या आसपास वजनाची असे. ती कापडावर आडवी ठेवून, एका हाताने दाब देत, दुसऱ्या हाताने चालवायची. पाते किंचित खोल गेले तर महिनोन्‌महिन्यांचे विणकाम वाया जाई. साहजिकच या कारागिरांचा वेतनात आणि मानात वरचा क्रम होता. त्यांच्या संघटना भक्कम होत्या आणि मालकांशी ते बरोबरीने बोलत. मालकांना नेमके हेच खुपत होते.

४) यंत्रे आली तेव्हा संघर्ष अटळ ठरला. १८०२ च्या उन्हाळ्यात विल्टशरमध्ये गिरण्या जाळल्या गेल्या. लिटलटनच्या गिरणीच्या जाळपोळीबद्दल टॉमस हेलिकर या उमेदवार कारागिराला पकडण्यात आले. २२ मार्च १८०३ रोजी त्याला सॉल्सबरी येथे फाशी देण्यात आली. त्या दिवशी त्याला एकोणीस वर्षे पूर्ण झाली होती. तो निर्दोष होता आणि साथीदारांची नावे त्याने अखेरपर्यंत सांगितली नाहीत, अशी ट्रोब्रिज गावाची श्रद्धा आजही आहे.

५) दहा वर्षांनी हीच आग यॉर्कशरमध्ये भडकली. एप्रिल १८१२ मध्ये रॉफोल्ड्सच्या गिरणीवर कारागिरांनी हल्ला केला. इतिहास त्यांना ‘लडाइट’ म्हणून ओळखतो. त्याच वर्षी यंत्रे फोडण्याच्या गुन्ह्याला देहदंड ठरवणारा कायदा संसदेत आला आणि तरुण कवी लॉर्ड बायरन याने उमरावांच्या सभागृहातील आपल्या पहिल्याच भाषणात त्याला विरोध केला. कायदा तरीही संमत झाला. जानेवारी १८१३ मध्ये यॉर्क येथे सतरा जणांना फासावर चढवण्यात आले. त्यांत जॉर्ज मेलर हा क्रॉपरही होता.

६) या दडपशाहीनंतर यंत्राची वाट मोकळी झाली. १८१५ साली ग्लॉस्टरशरमधील स्ट्राउडजवळच्या ब्रिम्सकोम गावातील जॉन लुईस याने लव कातरणाऱ्या फिरत्या यंत्राचे पेटंट घेतले. एका रुळावर मळसूत्री वळणाची पाती बसवलेली, खाली एक स्थिर पाते आणि दोहोंच्या मधून सरकणारे कापड. रूळ फिरला की प्रत्येक तंतू दोन पात्यांच्या कैचीत सापडून सारख्या उंचीवर कातरला जाई. कारागिराच्या मनगटातील कौशल्य आता लोखंडाच्या वळणात उतरले होते.

७) त्याच स्ट्राउडच्या खोऱ्यात एडविन बडिंग नावाचा यंत्रकारागीर काम करीत असे. गिरण्यांची यंत्रे जुळवणे आणि दुरुस्त करणे हा त्याचा व्यवसाय. लव कातरणारा रूळ पाहता पाहता त्याच्या मनात एक साधर्म्य उमटले. हिरवळ म्हणजे तरी काय? जमिनीवर अंथरलेले हिरवे कापड आणि त्यावर उभी राहिलेली लव. कापडाला यंत्राकडे नेण्याऐवजी यंत्रच चाकांवर घालून कापडावरून नेले तर?

८) इथे बडिंगच्या काळातील बाग समजून घ्यायला हवी. इंग्रज जमीनदाराच्या वाड्यापुढची विस्तीर्ण हिरवळ हे वैभवाचे प्रदर्शन होते. ना पीक, ना चारा, केवळ पाहण्यासाठी राखलेली जमीन. ती आखूड ठेवण्याचे मार्ग दोनच: मेंढ्या किंवा माणसे. माणसे लांब दांड्याचा, दोन्ही हातांनी झोक देऊन चालवायचा विळा वापरीत. इंग्रजीत त्याला ‘साइथ’ म्हणतात. हे साधन प्राचीन आहे. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकातच इटलीचा आखूड आणि गॉलचा लांब असे त्याचे दोन प्रकार नोंदवले होते.

९) साइथने हिरवळ कापणे हे नाजूक काम. दव असताना, पहाटेच ते करावे लागे, कारण ओले गवत पात्यापुढे ताठ राहते आणि वाळलेले वाकून निसटते. दर थोड्या वेळाने पाते पाजवायचे. मागून येणारे गडी कापलेले गवत झाडूने गोळा करीत. इतके करूनही पात्याच्या झोकाच्या कमानी हिरवळीवर उमटून राहत. निष्कलंक हिरवळ ही ज्याच्या पदरी पुष्कळ नोकर आहेत त्याचीच मिरास होती.

१०) ३१ ऑगस्ट १८३० रोजी बडिंगला पेटंट मिळाले. त्या दस्तऐवजाची भाषा मोठी बोलकी आहे. हिरवळीचा पृष्ठभाग ‘कातरणे’ यासाठी त्यात योजलेले शब्द कापडाच्या धंद्यातले आहेत, म्हणजे क्रॉपरच्या कामाचेच नाव. साइथऐवजी हे यंत्र वापरावे असे त्यात स्पष्ट लिहिले आहे, शिवाय गावाकडच्या सद्‌गृहस्थांना स्वतः यंत्र चालवण्यात करमणूक आणि आरोग्यदायी व्यायाम लाभेल, असेही सुचवले आहे. नोकराचे काम मालकाचा छंद ठरण्याची ही सुरुवात होती.

११) तारखेचा योगायोग लक्षात घ्यावा. त्याच ऑगस्टच्या अखेरीस केंट परगण्यातील शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडण्यास सुरुवात केली. हिवाळ्यातील उत्पन्न हिरावणाऱ्या यंत्रांविरुद्धचा हा उठाव ‘स्विंग दंगे’ या नावाने दक्षिण इंग्लंडभर पसरला. पुढील काही महिन्यांत १९ जणांना फाशी झाली आणि चारशेहून अधिक जणांना समुद्रापार हद्दपार करण्यात आले. एकीकडे यंत्रांमुळे भुकेची भीती, दुसरीकडे यंत्रामुळे करमणुकीचे आश्वासन. एकाच देशात, एकाच आठवड्यात.

१२) बडिंगजवळ भांडवल नव्हते. थ्रप येथील फिनिक्स कारखान्याचा मालक जॉन फेराबी याने खर्च उचलला आणि उत्पादन-विक्रीचे अधिकार त्याच्याकडे गेले. पहिली यंत्रे १९ इंच रुंदीची, ओतीव लोखंडाची आणि अवजड होती. एकाने मागून ढकलायचे आणि गरज पडल्यास दुसऱ्याने पुढून ओढायचे. लोक वेड्यात काढतील म्हणून बडिंगने यंत्राची चाचणी रात्री घेतली, अशी दंतकथा आहे. लंडनच्या रीजेंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयाच्या बागेने हे यंत्र लवकरच घेतले आणि ते साइथ व झाडू घेतलेल्या सहा ते आठ माणसांचे काम करते, अशी ग्वाही तेथून मिळाली.

१३) ही ग्वाही दोन बाजूंनी वाचता येते. मालकाच्या दृष्टीने ती बचत, तर त्या सहा-आठ माणसांच्या दृष्टीने रोजगाराचा शेवट. ज्या पात्याने आधी क्रॉपरची जागा घेतली, तेच पाते आता पहाटे साइथ चालवणाऱ्या गड्याच्या जागेवर आले. त्यांच्यासाठी दंगे झाले नाहीत. ते विखुरलेले होते, त्यांची संघटना नव्हती. इतिहासात नोंद बहुधा प्रतिकाराची होते. निमूट नाहीसे झालेल्यांची नावे सापडत नाहीत.

१४) बडिंगलाही या शोधाने श्रीमंत केले नाही. सरकत्या जबड्याचा पाना ही त्याचीच आणखी एक देणगी. आजही प्रत्येक गॅरेजमध्ये त्याचे वंशज सापडतात. १८४६ साली तो वारला. यंत्राचा खरा प्रसार त्यानंतरचा. १८३२ साली इप्सविचच्या रॅन्सम्स कारखान्याने परवाना घेतला होता. १८४० च्या दशकात स्कॉटलंडच्या अलेक्झांडर शँक्स याने तट्टू जोडायचे मोठे यंत्र काढले. हिरवळीवर नाल उमटू नयेत म्हणून त्या तट्टांना कातडी जोडे घालीत. १८५९ मध्ये लीड्सच्या टॉमस ग्रीनने साखळीवर चालणारे, कमी आवाजाचे यंत्र आणले.

१५) स्वस्त झालेल्या यंत्राने खेळांचे जगही बदलले. आखूड, सपाट हिरवळीशिवाय लॉन टेनिस संभवत नाही. १८७४ मध्ये मेजर विंगफील्डने त्या खेळाचे पेटंट घेतले आणि १८७७ मध्ये विम्बल्डनच्या क्लबने पहिली स्पर्धा भरवली. तिचा एक हेतू तट्टाने ओढायचा, बिघडलेला रूळ दुरुस्त करण्यासाठी पैसे उभारणे हा होता. हिरवळ दाबण्याच्या रुळासाठी भरवलेली स्पर्धा आज जगभर पाहिली जाते.

१६) साम्राज्याबरोबर ही हिरवळ मुंबईतही आली. १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना सुरू झाला. एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि हिंदू मुले क्रिकेट खेळत, तेथेच युरोपीय मंडळी आठवड्यातून पोलो खेळू लागली. घोड्यांच्या टापांनी जमीन उखणली जाई आणि क्रिकेटचा चेंडू वेडावाकडा उसळे. १८८१ पासून देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली या लढ्यावर पुस्तकच लिहिले. गवत कोणाचे आणि कोणासाठी राखायचे, हा प्रश्न किती राजकीय असू शकतो याचे हे मुंबईतील उदाहरण.

१७) महाराष्ट्रात मात्र गवताचा जुना अर्थ अगदी वेगळा होता. मराठ्यांच्या लष्करात वैरण आणणाऱ्या टोळीला ‘कही’ म्हणत आणि कुरणे राखली जात. मे १६७३ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या वतीने चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना गेलेले पत्र प्रसिद्ध आहे. साठवलेला दाणा-गवत आताच उधळाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि निष्काळजीपणे ठेवलेल्या विस्तवाने किंवा उंदराने ओढून नेलेल्या जळत्या वातीने गवताच्या गंजी पेटतील, असा त्यातील इशारा आहे. येथे गवत हे सैन्याचे इंधन आहे. विळ्याने कापलेली प्रत्येक पेंढी मोलाची. कापून टाकून द्यायचे गवत ही कल्पनाच या मुलखाला नवी होती.

१८) विलायतेतील गोष्ट पुढे सरकली. १८९३ मध्ये लँकेशरच्या जेम्स सम्नरने वाफेवर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, १९०२ मध्ये रॅन्सम्सने पेट्रोलचे यंत्र विकायला काढले. पुढे आडवे पाते पंख्यासारखे फिरवणारी यंत्रे आली. परंतु या सर्वांची एक उणीव कायम राहिली. झाडाचे बुंधे, कुंपणाच्या तारा, भिंतीची कड, पायऱ्यांचे कोपरे येथे चाकांचे यंत्र पोहोचत नाही. पोहोचले, तर पाते दगडावर आपटून तुटते किंवा बुंध्याची साल सोलते. हिरवळ यंत्राची झाली, कडा मात्र गुडघ्यांवर बसून हातकात्रीने कापणाऱ्या माणसाकडेच राहिल्या.

१९) ही उणीव दूर करणारा माणूस अभियंता नव्हता. जॉर्ज बॅलस हा ग्रीक स्थलांतरितांचा मुलगा १९२५ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात जन्मला. दुसऱ्या महायुद्धात तो बॉम्बफेकी विमानांवर होता. युद्धानंतर तो नृत्याच्या व्यवसायात शिरला आणि टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात त्याने भव्य नृत्यशाळा चालवली. त्याचा मुलगा आणि नातू हेही पुढे नामवंत नर्तक झाले. तोल आणि गिरकी यांच्याशी या घराण्याचे नाते जुनेच होते.

२०) १९७१ साली बॅलस स्वयंचलित धुलाई केंद्रात गाडी धूत होता. नायलॉनच्या तंतूंचे मोठे ब्रश गाडीवरून फिरत होते. थांबलेले असताना ते तंतू मलूल लोंबत. फिरू लागले की सुईसारखे ताठ होत, फटींमध्ये शिरत, धूळ काढत, पण रंगाला ओरखडा पडत नसे. घराच्या झाडांभोवतीचे गवत त्याला आठवले. घरी येऊन त्याने पॉपकॉर्नचा रिकामा डबा घेतला, त्याला भोके पाडली, त्यांतून मासेमारीची जाड दोरी ओवली आणि तो डबा हिरवळीच्या कडा कापण्याच्या यंत्रावर बसवला. आवाज भयंकर झाला. गवत मात्र उडाले आणि झाडाचा बुंधा उभा राहिला.

२१) मऊ दोरी गवत कशी कापते? उत्तर वेगात आहे. दोरीचे टोक केंद्रापासून १५ सेंटिमीटरवर असेल आणि यंत्र मिनिटाला ८,००० फेरे घेत असेल, तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १२५ मीटर, म्हणजे ताशी साडेचारशे किलोमीटर होतो. त्या टोकाशी एक ग्रॅम वजनाचा तुकडा असला, तरी त्याला वर्तुळात धरून ठेवायला दहा किलो वजनाइतकी ओढ लागते. हीच ओढ दोरीला ताठ ठेवते. गवताची काडी बाजूला वाकण्याआधीच तुटते. दगड लागला तर दोरी मागे वळते, झिजते, पण पात्यासारखी तुकडे होऊन उडत नाही.

२२) हा शोध चाळीस वर्षे आधी शक्य नव्हता. त्यासाठी लागणारा चिवट, एकसंध तंतूच जगात नव्हता. ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरदर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३५ मध्ये नायलॉन तयार केले. आपल्या शोधाचे यश न पाहताच १९३७ मध्ये कॅरदर्सने आयुष्य संपवले. पुढच्या वर्षी नायलॉन दात घासण्याच्या ब्रशमधून बाजारात आले, मग मोज्यांत आणि मासेमारीच्या दोऱ्यांत. बॅलसच्या डब्यातील दोरीमागे हा इतिहास आहे. एकट्याने लागलेला शोध बहुधा एकट्याचा नसतो. बॅलसच्या पेटंटवरही टॉमस गीस्ट हे दुसरे नाव आहेच.

२३) बॅलसने ही कल्पना अवजारे बनवणाऱ्या कंपन्यांना दाखवली. दोरीने गवत कापायचे हे त्यांना पटले नाही. शेवटी त्याने स्वतःच ‘वीड ईटर’ या नावाने उत्पादन सुरू केले. दूरचित्रवाणीवरील जाहिरातींनी गिऱ्हाईक मिळवून दिले आणि थोड्याच वर्षांत विक्री कोट्यवधी डॉलरवर गेली. १९७७ मध्ये त्याने कंपनी एमर्सन इलेक्ट्रिकला विकली. २०११ मध्ये तो ह्यूस्टन येथे वारला. बडिंगच्या वाट्याला न आलेले यश त्याला हयातीतच मिळाले.

२४) पण प्रत्येक उपायाच्या पोटी नवा धोका असतो. दोरी मऊ म्हणून जाड झुडपांपुढे ती हरते, म्हणून त्याच दांड्याला पोलादी पाती लावण्यात आली, पुढे साखळीसारखे जोडलेले लोखंडी तुकडेही. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये अशा जोडणीतून सुटलेली कडी लागून एका व्यक्तीचा मृत्यू झाला. १९ जानेवारी २०१२ रोजी युरोपीय आयोगाने निर्णय देऊन, हाती धरायच्या ब्रश कटरसाठी जोडतुकड्यांच्या अशा धातूच्या पात्यांची विक्री सदस्य देशांत बंद करायला लावली. ज्या गुणासाठी दोरी निवडली गेली होती, तोच गुण विसरला गेला आणि त्याची किंमत एका जिवाने मोजली.

२५) दुसरा धोका मंद आहे. जोसेफ डे या इंग्रज अभियंत्याने १८९० च्या सुमारास घडवलेल्या साध्या दोन-धावी इंजिनाच्या रचनेवर पेट्रोलचे बहुतेक छोटे कटर चालत आले. हलके आणि ताकदवान, पण इंधनात मिसळलेले तेल जाळत धूर सोडणारे. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून अशा छोट्या इंजिनांची नवी विक्री २०२४ पासून थांबवण्याचा मार्ग धरला. शिवाय कंपने आहेतच. दगड फोडणाऱ्या कामगारांची बोटे यंत्राच्या कंपनांनी पांढरी, बधिर पडतात, हे डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्येच अमेरिकेतील खाणकामगारांत दाखवून दिले होते. दिवसभर ब्रश कटर धरणाऱ्या माळ्याचे हात याच यादीत येतात.

२६) आता दुकानातील प्रश्नाकडे. सपाट, मोकळी, नियमित राखलेली हराळीची हिरवळ असेल, तर बडिंगचे रीळ अजूनही उत्तम. ते गवत कातरते, फाडत नाही. हिरवळ नसून वाफे, कुंपण, झाडांची आळी, फरशीच्या फटी असतील, तर काम दोरीच्या ट्रिमरचे. जागा लहान आणि घराजवळ असेल तर विजेच्या तारेचा हलका ट्रिमर पुरतो. तार पायात येणार नाही आणि गवत ओले नसेल एवढे पाहावे, विजेच्या जोडणीला गळतीसंरक्षक स्विच असावा. तार पोहोचत नसेल तर बॅटरीचा.

२७) पावसाळ्यात कमरेएवढे वाढलेले रान, बांध, करवंदीची झुडपे असतील तरच पेट्रोलचा किंवा मोठ्या बॅटरीचा ब्रश कटर घ्यावा. त्यात सरळ दांडा पाहावा. त्याच्या टोकाशी दातेरी चाके असतात आणि तो पोलादी पात्याचा भार पेलतो. वाकड्या दांड्याचा ट्रिमर हलका, केवळ दोरीसाठी. पाते एकसंध असावे. जोडतुकड्यांची साखळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. खांद्यावरचा पट्टा आणि पात्यामागचे संरक्षक झाकण यांशिवायचे यंत्र हे अपुरे यंत्र होय.

२८) दोरीविषयी थोडे. घरच्या गवताला दीड ते दोन मिलिमीटरची दोरी पुरते, दांडग्या तणाला अडीच-तीनची. यंत्राला झेपते त्याहून जाड दोरी लावली तर मोटर किंवा इंजिन तापते. नायलॉन पाणी शोषते. उन्हात वाळलेली दोरी ठिसूळ होऊन वरचेवर तुटते, तिला आधी पाण्यात भिजत ठेवले तर चिवटपणा परततो. झिजलेली दोरी मात्र कोठे जात नाही. तिचे बारीक कण बागेच्या मातीतच राहतात. भाजीच्या वाफ्यात आजही विळा आणि खुरपे श्रेष्ठ ठरतात, ते यामुळेही.

२९) बुंध्याबाबत एक सावधगिरी. दोरी झाडाला इजा करीत नाही हा समज अर्धाच खरा. मोठ्या झाडाची जाड साल तो फटका सोसते. रोपाची कोवळी साल सोसत नाही. सालीखालूनच पानांनी केलेले अन्न मुळांकडे उतरते. ती साल भोवताली सोलली गेली की रोप काही महिन्यांत वाळते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. रोपाभोवती वीतभर जागा पालापाचोळ्याने झाकून ठेवली, तर तेथे ट्रिमर न्यायची वेळच येत नाही.

३०) शेवटी हातांचा विचार. घरचे यंत्र पुष्कळदा घरमालक चालवीत नाही, रोजावर येणारा माणूस चालवतो. जुन्या इंग्रज अंमलात प्रत्येक घोड्यामागे मोतद्दाराशिवाय गवत कापून आणणारा एक नोकर असे, आणि त्याच्या देशी नावाचा ‘घासकाट्या’सारखा उच्चार साहेबांच्या तोंडी ‘ग्रासकटर’ झाला, असे जुन्या अँग्लो-इंडियन कोशात नोंदले आहे. पुढे तेच नाव यंत्राला मिळाले आणि माणूस नावातून गळाला. म्हणून यंत्राच्या किमतीतच डोळ्यांचा चष्मा, कानांची बोंडे, जाड बूट आणि पायांचे संरक्षण धरावे. काम चालू असता पंधरा मीटरच्या आत कोणी, विशेषतः मुले, असू नयेत.

३१) क्रॉपरची कातर, लुईसचा रूळ, बडिंगचे रीळ, बॅलसचा डबा. प्रत्येक पायरीवर काम हलके झाले, आणि प्रत्येक पायरीवर कोणाचे तरी काम गेले किंवा कोणाच्या तरी अंगावर नवा धोका आला. हेलिकरचा फास आणि २०१० ची ती सुटलेली कडी एकाच साखळीत आहेत. साधन निवडताना आपली अडचण नेमकी कोणती हे आधी ठरवावे, आणि त्या साधनाचा भार कोणाच्या हातांवर पडणार आहे हेही. ज्या बागेला विळा पुरतो, तिला इंजिन लागत नाही. ज्या बागेला इंजिन लागते, तिच्या माळ्याला चष्मा लागतो.